गृहस्वास्थ्य : वडील माणसांचा रक्तदाब आणि घरचें मीठ

वसईहून एका सुविद्य गृहिणीचें पत्र आलें आहे. घरांत लहानमोठीं मिळून आठ माणसें. सासूबाईंचें वय एकाहत्तर. दोन महिन्यांपूर्वीं डॉक्टरांनीं त्यांचा रक्तदाब १६८/८२ भरल्याचें सांगून एक गोळी सुरू केली व मीठ कमी करण्याविषयीं बजावलें. त्याच दिवसापासून सूनबाईंनीं सासूबाईंची आमटी निराळ्या पातेलींत व भाजी निराळ्या कढईंत करावयास आरंभ केला. चारपांच दिवस सासूबाई मुकाट्यानें जेवल्या. पुढें एके दिवशीं ताट बाजूस सारून, "आजाऱ्याचें अन्न मला नको; सर्वांना वाढतेस तेंच मला वाढ," असें म्हणून त्या उठल्या. हल्लीं त्या वाढलेल्या भाजीबरोबर लोणच्याच्या दोन फोडी अधिक घेतात. सुनेला त्यांचा हात धरवत नाहीं. मुलगा रात्रीं साडेनवाच्या सुमारास विरारच्या गाडींतून चेंगरून घरीं येतो, तो दोन्ही बाजूंचीं गाऱ्हाणीं ऐकून अर्धपोटीं निजतो. "ह्यांत चूक कोणाची?" असा त्या बाईंचा प्रश्न आहे.

आमच्या मतें चूक कोणाचीच नाहीं. डॉक्टरांच्या सांगण्याचा अर्थ मात्र अपुरा घेतला गेला. मीठ घटवावयाचें तें साऱ्या घराचें. ज्या स्त्रीनें चाळीस वर्षें त्या घराची आमटी स्वतःच्या हातानें केली, तिला उतारवयांत निराळ्या पातेलीवर बसविलें म्हणजे तिला तें पथ्य न वाटतां पंक्तींतून उठविल्यासारखें वाटतें, आणि तिनें रागावून लोणच्याची बरणी ओढली तर नवल नाहीं. शिवाय घरांतील बाकीच्या सात माणसांना मिठाची मोकळीक आहे असें कोणीं सांगितलें? सासूबाईंचा जो मुलगा रोज तासनतास गाडींत उभा राहतो, स्टेशनावर वडापाव खातो आणि सहा तासांहून अधिक निजत नाहीं, त्याच्या दंडाला पट्टा बांधून कोणीं पाहिलें आहे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत वयांत आलेल्या माणसांपैकीं शेंकडा ३५ हून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. ती संख्या कांहीं केवळ आजीआजोबांची नव्हे.

आतां त्या आंकड्यांकडे वळूं. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर लोटतें त्या क्षणीं रोहिणीच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आंकडा. दोन ठोक्यांमधील विसाव्याच्या वेळचा तो खालचा. तरुणपणीं मोठ्या रोहिण्या नव्या रबरी नळीप्रमाणें ताणतात व पुन्हा पूर्ववत् होतात. वय वाढलें म्हणजे त्यांचा लवचीकपणा जातो; त्यामुळें वरचा आंकडा चढत जातो आणि खालचा जागच्या जागीं राहतो किंवा उतरतोही. "खालचा ८२ आहे ना, मग काळजी नको," असें समाधान पुष्कळ घरीं करून घेतात. तें खरें नव्हे. साठीनंतर पक्षाघाताची व हृदयविकाराची भीति मुख्यत्वें वरचा आंकडाच सुचवितो. दवाखान्यांत १४०/९० किंवा त्याहून अधिक आणि घरीं १३५/८५ किंवा त्याहून अधिक दाब वारंवार भरूं लागला, तर तो वाढलेला समजतात. एकाच दिवसाच्या एकाच मापावरून कांहीं ठरत नाहीं.

जुन्या पिढीच्या तोंडीं अद्यापि एक हिशेब ऐकूं येतो: वरचा दाब शंभर अधिक वय इतका असावयाचाच. एके काळीं डॉक्टर मंडळीही असें मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांचा दाब कित्येक वर्षें चढत होता. मार्च १९४४ मध्यें तो १८६/१०८ भरला. पुढें वर्षभरानें, १२ एप्रिल १९४५ रोजीं, मेंदूंत रक्तस्राव होऊन ते वारले. एवढ्या सत्ताधीशाच्या वैद्यांजवळही त्या वेळीं दाब उतरविण्याचें खात्रीचें साधन नव्हतें. आज तशी स्थिति नाहीं. ऐंशीच्या पुढील वृद्धांवर केलेला एक मोठा प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ज्यांना साध्या गोळ्या देऊन दाब उतरविला त्यांच्यांत मृत्यूंचें प्रमाण सुमारें एकपंचमांशानें कमी झालें. तेव्हां "आतां ह्या वयांत औषध कशाला" हें म्हणणें सोडून द्यावें. दाब वाढल्याचें बहुधा जाणवत नाहीं, डोकें दुखत नाहीं, चक्कर येत नाहीं. म्हणून तर त्याची उपेक्षा होते.

मिठाकडे येऊं, वसईकरांना मिठाची ओळख करून द्यावयास नकोच. भाईंदर व नायगांव ह्यांच्या आसपास रुळांच्या कडेनें मिठागरें पूर्वीं दूरवर पसरलेलीं दिसत. खाडीचें भरतीचें पाणी वाफ्यांत घ्यावयाचें, तें उन्हानें आटवावयाचें, तळाशीं जमलेले पांढरे खडे ओढून ढीग करावयाचे, आणि पावसापूर्वीं ते झाकावयाचे किंवा हलवावयाचे असा हा धंदा. ज्या प्रांतांत मीठ असें डोळ्यांसमोर पिकतें तेथें तें मोजून वापरावें हें कोणाच्या मनांत येत नाहीं. हाताच्या अंदाजानें, चिमटीनें व मुठीनेंच तें पडतें.

शरीरांत मिठाचें काय होतें? त्यांतील सोडियम पाणी धरून ठेवतें. तरुण मूत्रपिंडें जास्तीचें सोडियम लवकर बाहेर टाकतात. वृद्धांचीं मूत्रपिंडें हें काम सावकाश करतात. तोंवर रक्तवाहिन्यांत जादा पाणी खेळत राहतें आणि कडक झालेल्या नळ्यांवर त्याचा भार पडतो. त्यामुळें मीठ घटविल्याचा गुण तरुणांपेक्षां वृद्धांत अधिक दिसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्या माणसास दिवसाकांठीं ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर देखील नव्हे, इतकें मीठ पुरे म्हटलें आहे, आणि त्यांत सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या ताकापर्यंत सर्व आलें. भारतांत निरनिराळ्या पाहण्यांत माणशीं ८ ते ११ ग्रॅम मीठ पोटांत जात असल्याचें दिसलें आहे. हें आपल्या घरीं किती जातें तें कसें कळावें? त्यासाठीं प्रयोगशाळेची जरूर नाहीं. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशीं तिच्यावर तारीख लिहून ठेवा. आठ माणसांच्या घरांत माणशीं ५ ग्रॅम म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम. त्या मानानें पिशवी २५ दिवस चालली पाहिजे. वास्तविक ती आणखी थोडी टिकावयास हवी. कारण मुलांना मोठ्यांइतकें मीठ लागत नाहीं, आणि पापड, लोणचें, पाव, फरसाण ह्यांतून येणारें मीठ त्या पिशवींतलें नसतें. माणशीं ८ ते ११ ग्रॅम जात असेल तर तीच पिशवी अकरा ते सोळा दिवसांत संपेल. लोणचीं घालण्याचा महिना अर्थात् ह्या हिशेबांतून वगळावा. ज्या घरीं दरमहा वाण्याची यादी लिहिली जाते, तेथें हा हिशेब ठेवणें मुळींच अवघड नाहीं. आमच्या मतें पत्र लिहिणाऱ्या बाईंनीं सासूबाईंनाच ही तारीख लिहिण्याचें काम द्यावें. घराचें मीठ त्यांच्या नजरेखालीं राहील, आणि पथ्य आपल्यावर लादलें गेलें ही भावनाही त्यांना राहणार नाहीं.

पाश्चात्त्य पुस्तकांत सांगितलेलें असतें कीं डबाबंद पदार्थांवरचीं लेबलें वाचा. तें खोटें नाहीं, परंतु आपल्याकडे बहुतांश मीठ चुलीपाशींच, मिसळणाच्या डब्याशेजारच्या भांड्यांतून पडतें. तेथेंच हात आंखडला पाहिजे, आणि तोही एकदम नव्हे. रोजच्या मिठांतून पहिल्या पंधरवड्यांत आठवा हिस्सा काढावा. पुढील पंधरवड्यांत आणखी तितकाच. जिभेची संवय कांहीं आठवड्यांत पालटते. मग पूर्वींची आमटी तिलाच खारट लागूं लागते. ह्या रीतीनें घटविलेलें मीठ घरांतील कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

पोळीच्या कणकेंतलें व भाताच्या पाण्यांतलें मीठ आधीं बंद करावें. तें कोणाला जाणवत नाहीं. कोशिंबिरींत मीठ अगदीं वाढतेवेळीं घालावें. आधीं घातलें तर काकडीला पाणी सुटतें, चव पातळ होते आणि पुन्हा चिमूटभर पडतें. आमटींत आमसूल, भाजींत ओलें खोबरें, वरणावर लिंबू, ताकांत जिरेंपूड व आलें असलें कीं जीभ मिठाची फारशी चौकशी करीत नाहीं. सांडगी मिरची, पापड, कुरड्या, मेतकूट हे पदार्थ रोज पानांत असण्याचें कारण नाहीं. पापडांत मिठाखेरीज पापडखार असतो व त्यांतही सोडियमच. आपल्या जुन्या रीतीप्रमाणें पानाच्या वरच्या बाजूस मध्यभागीं मीठ वाढतात. ही रीत ह्या कामीं फार सोयीची आहे: पदार्थ सर्वांसाठीं बेताचा करावा, आणि ज्या तरुणास तो फिका वाटेल त्यानें पानांतलें मीठ घ्यावें. वडील मंडळींच्या पानांत तेथें लिंबाची फोड असावी.

उपवासाच्या दिवसांविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. सैंधव हें पवित्र असेल, परंतु तेंही बहुतांशीं तेंच सोडियम क्लोराइड आहे. पादेलोणाची गोष्टही तीच. एकादशीला सैंधवाची साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे खारे वेफर असा फराळ करणारी आजी इतर दिवसांपेक्षां त्या दिवशीं अधिकच मीठ खात असते. मिठागरावरून आणलेलें जाडें मीठही रक्तदाबाच्या दृष्टीनें निराळें नाहीं. त्यांत आयोडीन मिसळलेलें नसतें, हाच काय तो फरक. मीठ आयोडीनयुक्तच असावें, आणि बेताचें असावें.

ह्याच्या उलट टोंक गांठणाऱ्याही सुना असतात. डॉक्टरांनीं "कमी" म्हणतांच त्या सगळेंच अन्न अळणी करतात. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धांच्या रक्तांतील सोडियम कधींकधीं फार खालीं जातें. मग माणूस सुस्त होतो, असंबद्ध बोलतो आणि "म्हातारपणाचा भ्रम" म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतें. सर्वस्वीं अळणी खाण्याची आज्ञा डॉक्टरांनीं स्पष्ट केली नसेल तर ती आपण होऊन करूं नये.

बाजारांत अलीकडे कमी सोडियमचें मीठ मिळतें. त्यांत सोडियम क्लोराइडचा कांहीं भाग काढून त्याऐवजीं पोटॅशियम क्लोराइड घातलेलें असतें. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारें २१,००० लोकांवर त्याचा प्रयोग झाला. हे सर्व लोक एक तर पूर्वीं पक्षाघात होऊन गेलेले, नाहीं तर साठीपुढील व रक्तदाब वाढलेले असे होते. सुमारें पांच वर्षें अर्ध्या खेड्यांना पाऊण हिस्सा साधें व पाव हिस्सा पोटॅशियमचें असें मीठ दिलें. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: त्या खेड्यांत पक्षाघाताचे प्रकार शेंकडा १४ नीं कमी झाले. उपाय सोपा आहे, पण सर्वांसाठीं नाहीं. ज्यांचीं मूत्रपिंडें दुबळीं आहेत, किंवा ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या शरीरांतील पोटॅशियम वाढविणाऱ्या आहेत (अशा गोळ्या पुष्कळांना चालू असतात), त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांना त्यापासून धोका असतो. डॉक्टरांना विचारल्यावांचून ही पिशवी घरांत आणूं नये. ज्यांना पोटॅशियमची बंदी नाहीं त्यांना तें भाजीपाल्यांतून मिळणें केव्हांही बरें, आणि त्या बाबतींत वसईकर भाग्यवान आहेत. वाडींतली ताजी भाजी, वेलची केळीं, राजेळी केळ्यांचीं सुकेळीं हें सारें दाराशीं येतें. मधुमेह असल्यास मात्र सुकेळ्यांना दुरूनच नमस्कार करावा.

रक्तदाब मोजण्याचें यंत्र घरांत असावें. तें दंडाला बांधावयाचें असावें, मनगटाचें नको. पाट्यावर बसून चटणी वाटून उठल्याबरोबर, किंवा नातवंडांवर ओरडून झाल्यावर घेतलेलें माप निरुपयोगी. चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा, लघवीस जाऊन आलेलें असावें. खुर्चींत पाठ टेकून, दोन्ही पाऊलें जमिनीवर ठेवून पांच मिनिटें स्वस्थ बसावें. हात टेबलावर हृदयाच्या पातळीस असावा. माप चालू असतां बोलूं नये. एक मिनिटाच्या अंतरानें दोनदां मोजून वहींत तारखेसह टिपावें. आठवड्यांतून एकदां उभें राहूनही मोजावें. गोळ्या घेणाऱ्या कित्येक वृद्धांचा दाब उभें राहतांच एकदम उतरतो. पहांटे अंधारांत उठून न्हाणीघराकडे जातांना किंवा तासभर मांडी घालून पूजा केल्यावर झटकन् उठतांना ते पडतात, आणि खुब्याचें हाड मोडलें म्हणजे रक्तदाब बाजूलाच राहतो. अंथरुणांतून उठतांना आधीं दोन मिनिटें कडेला पाय सोडून बसावें. पूजेस पाट सोडून उंच चौरंगापुढें खुर्ची घेतली तर देव रागावत नाहींत.

चालणें हें सर्वांना ठाऊक असलेलें व फार थोड्यांनीं पाळलेलें औषध आहे. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा अर्धा तास, बोलतां येईल पण गातां येणार नाहीं इतक्या वेगानें चालावें. वसईंत किल्ल्याचा परिसर व सुरुचीच्या बाजूचा किनारा, विरारांत जीवदानीचा पायथा, अशा जागा आहेत. जीवदानीच्या हजाराहून अधिक पायऱ्या नवसाच्या भरांत एका दमांत चढणें मात्र चालण्यांत जमा होत नाहीं. दाब आटोक्यांत आलेला नसतांना तें करूंच नये.

जेवणाच्या वेळेविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण ह्या भागांतील घरोघरीं ही अडचण आहे. मुलगा गाडीनें उशिरां येतो. तो आल्याशिवाय आई पान घेत नाहीं. सातपासून साडेनवापर्यंत तिची भूक शेवचिवड्यावर भागते, मग रात्रीं दहाला जड जेवण, अकराला अंथरूण, आणि पहांटे पांचला नेहमीप्रमाणें जाग. अपुरी झोप रक्तदाब वाढविते हें आतां चांगलें सिद्ध झालें आहे. माउलीची माया आम्हांस कळते; पण तिनें साडेसातला जेवून घ्यावें आणि मुलाच्या पानाशेजारीं बिनमिठाच्या ताकाचा पेला घेऊन बसावें. तिला मुलगा भेटतो, त्याला आई भेटते, आणि गाऱ्हाण्यांनाही थोडा वेळ उरतो. रात्रीं मोठ्यानें घोरणारा व दिवसा पेंगणारा माणूस असेल तर तेंही डॉक्टरांना सांगावें. झोपेंत श्वास अडखळत असल्यास दाब गोळ्यांना दाद देत नाहीं.

मनःशांतीचा उपदेश करणें सोपें; तिचें माप काढण्याचें काम आपल्याच मुंबईंत झालें आहे. के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांकडून रोज शवासन करवून त्याचे परिणाम १९६९ सालीं प्रसिद्ध केले. पुष्कळांचा दाब उतरला आणि कित्येकांच्या गोळ्यांचें प्रमाण कमी करतां आलें. कमी करतां आलें तें डॉक्टरांनीं मोजून मापून, हें विसरूं नये. दोन महिने शवासन केलें, आंकडा १३० वर आला, आतां गोळी कशाला, असें म्हणून ती आपल्या विचारानें बंद करणारे लोक पक्षाघाताच्या वाटेवर पाऊल टाकीत असतात. आंकडा उतरला आहे तो गोळी चालू आहे म्हणून.

"आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाहीं," ह्या समजुतीविषयींही दोन शब्द. सर्पगंधेनें रक्तदाब उतरतो हें कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं १९३१ सालीं लिहिलें, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं १९४९ सालीं ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकांत आपला अनुभव प्रसिद्ध केला तेव्हां साऱ्या जगाचें लक्ष तिकडे वेधलें. आपल्या अभिमानाची ही गोष्ट आहे. पण तीच सर्पगंधा मात्रा चुकल्यास मन खिन्न करते व नाडी मंद करते, म्हणून आज ती मागें पडली आहे. खोकल्याच्या काढ्यांतलें ज्येष्ठमध तर रोज घेत राहिल्यास रक्तदाब उलट वाढवितें. गुडघेदुखीसाठीं दुकानांतून आपण होऊन आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचेंही तेंच. दाब अचानक चढला तर प्रथम त्या गोळ्यांची चौकशी करावी. तपकीर, मिश्री व पानांतील तंबाखू ह्यांना घरांत थारा नसावा. वसईचें पान निर्दोष आहे. त्यांत जें भरतात तें नव्हे.

एवढें सांभाळूनही कधीं प्रसंग येतो. तोंड एका बाजूस वांकडें झालें, एक हात वर उचलतां येईना, जीभ अडखळूं लागली, तर तो पक्षाघात समजावा आणि घड्याळाकडे पाहावें. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें, आणि त्यापूर्वीं मेंदूचें सी. टी. स्कॅन करावें लागतें. जिभेखालीं रक्तदाबाची गोळी फोडून घालूं नये, पाणी पाजूं नये, "थोडें पडूं द्या, बरें वाटेल" म्हणून थांबूं नये. महामार्गावरील गर्दींत मुंबई गांठण्यांत बहुमोल तास जातात. म्हणून हें स्कॅन व हें औषध रात्रींबेरात्रीं आपल्या घरापासून जवळांत जवळ कोठें मिळतें, ह्याची चौकशी आजच, घरांत सर्व धडधाकट असतांना, करून ठेवावी. त्या रुग्णालयाचा क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक आणि वडील माणसांच्या चालू गोळ्यांचीं नांवें एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ लावावीं, म्हणजे घरांत त्या वेळीं एकटें शाळकरी नातवंड असलें तरी त्याला वाचतां येईल.